घरातला किंवा दुकानातला अलार्म वाजला की पोलीस आपोआप येतात का?

नाही, बहुतेक वेळा नाही. सिग्नल आधी अलार्म कंपनीच्या मॉनिटरिंग सेंटरला, म्हणजे अलार्मवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राला जातो. तिथला माणूस तुम्हाला फोन करून सांकेतिक शब्द विचारतो, तुम्ही उचलला नाहीत तर यादीतल्या पुढच्या नंबरवर लावतो, आणि मगच पोलिसांना किंवा गस्तीवरच्या गार्डला कळवतो. एवढा खटाटोप अशासाठी की बहुसंख्य अलार्म खोटे निघतात: चुकलेला कोड, नीट न लागलेलं दार, नाहीतर घरातलं मांजर! अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीने तर २००० सालीच नियम केला की, घुसखोरीची कोणीतरी खात्री केल्याशिवाय पोलीस जाणार नाहीत. संकटात स्वतः दाबायच्या पॅनिक बटणाचं मात्र वेगळं. तिथे सहसा थेट मदत पाठवतात. आणि तुमची सिस्टीम फक्त मोबाइलवर नोटिफिकेशन देणारी असेल, तर फोन तुम्हालाच करावा लागेल.