'मुक्त पृष्ठभाग' की 'मोकळा पृष्ठभाग'?

दाब-ओतकामात, म्हणजे वितळलेला धातू दाबाने बंद साच्यात भरण्याच्या कामात, साचा कसा भरतो याचे संगणकावर सदृशीकरण (सिम्युलेशन) करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, 'फ्री सरफेस' या संज्ञेसाठी 'मुक्त पृष्ठभाग' लिहावे की 'मोकळा पृष्ठभाग'. दुसरा शब्द त्यांना अधिक घरचा वाटतो.

मी 'मुक्त पृष्ठभाग' असेच लिहीन. व्युत्पत्ती पाहिली तर दोन्ही शब्द 'मुच्' (सोडणे) या संस्कृत क्रियाधातूकडेच नेतात. वापरात मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या आहेत. मोकळी जागा, मोकळा वेळ, मोकळी बस यांत मोकळे म्हणजे रिकामे. मोकळा भात आणि मोकळे केस यांत मोकळे म्हणजे एकमेकांना न चिकटलेले किंवा न बांधलेले. त्यामुळे 'मोकळा पृष्ठभाग' वाचताच, ज्यावर काही ठेवलेले नाही अशी टेबलाची पाठ डोळ्यांसमोर येते. ओतकामातल्या माणसाला तर तो वरून उघड्या साच्यात दिसणारा रसाचा माथा वाटेल, आणि इथे नेमका तोच घोटाळा होतो, कारण दाब-ओतकामातला साचा पूर्ण मिटलेला असतो. ज्या पृष्ठभागाबद्दल आपण बोलत आहोत तो त्या बंद पोकळीच्या आत, धातूचा रस आणि आत राहिलेली हवा यांच्यामधली सीमा म्हणून धावत असतो.

तो मुक्त कशापासून, हे पाहिले की शब्दाची निवड आपोआप होते. रसाला जिथे साच्याची भिंत लागते तिथे त्याचा आकार भिंत ठरवते. हवेकडच्या बाजूला असे बंधन नसते; हवा रसाच्या तुलनेत इतकी विरळ असते की तिचे घर्षण गणितात बहुधा शून्य धरतात. म्हणून त्या सीमेची जागा आधी सांगता येत नाही, ती प्रवाहाबरोबरच शोधावी लागते. हर्ट आणि निकोल्स या संशोधकांनी १९८१ साली मांडलेल्या पद्धतीत पोकळीचे बारीक कप्पे पाडून प्रत्येक कप्पा किती भरला आहे हे ० ते १ या अपूर्णांकाने नोंदवतात; ज्या कप्प्यांत हा आकडा ० आणि १ यांच्या मधला असतो, तिथे पृष्ठभाग आहे असे समजतात.

बंधन नाही, पण स्वैरपणाही नाही, हा भाव मराठीत 'मुक्त'ने आधीच कमावलेला आहे. 'मुक्तछंद' वृत्ताचे बंधन टाकतो, तरी त्याला लय असते; 'मुक्त पतन' फक्त गुरुत्वाच्या आधीन असते. या दोन शब्दांच्या पंक्तीत 'मुक्त पृष्ठभाग' सहज बसतो.

हा फरक केवळ कोशापुरता नाही. साच्याच्या तोंडाशी रसाचा वेग सेकंदाला ३० ते ६० मीटर असतो आणि पोकळी बहुधा सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच भरते. एवढ्या वेगात रस पाण्यासारखी पातळी धरून वर चढत नाही. त्याची धार समोरच्या भिंतीवर आपटते, उलटते, स्वतःवरच दुमडते आणि हवा पोटात घेते. ॲल्युमिनियमच्या एखाद्या ओतीव भागावर नख फिरवले असता केसाएवढी रेष हाताला लागते, तिथे बहुतेक वेळा असेच दोन मुक्त पृष्ठभाग समोरासमोर आलेले असतात, पण थंडावल्यामुळे आणि अंगावर ऑक्साइडचा पापुद्रा आल्यामुळे एकजीव झालेले नसतात. 'मोकळा' या शब्दाने ही हालचाल कळत नाही.

आता या विषयावरच्या लेखाला द्यायच्या शीर्षकाबद्दल. 'मुक्त पृष्ठभाग प्रवाह' असे तीन शब्द नुसते शेजारी ठेवू नयेत, कारण मुक्त काय, पृष्ठभाग की प्रवाह, हे वाचकाला ठरवता येत नाही. 'मुक्तपृष्ठ प्रवाह' हा बहुव्रीही समास व्याकरणाने निर्दोष आहे, पण 'पृष्ठ' म्हटले की आज पुस्तकाचे पान आधी आठवते. 'फ्लुइड'साठी 'द्रायू' हा द्रव आणि वायू या दोहोंना सामावणारा चांगला शब्द आहे. पण इथे वाहणारा पदार्थ वितळलेला धातूच असल्यामुळे 'धातुरस' अधिक नेमका ठरतो. म्हणून 'दाब-ओतकामातील धातुरसाच्या मुक्त पृष्ठभागाचे सदृशीकरण' असे लिहावे. शीर्षक थोडे लांबते, परंतु त्यातला प्रत्येक शब्द कशाला लागतो हे स्पष्ट राहते.