परसबाग, सरपण आणि मासेमारी यांवर जगण्यात कष्टांपलीकडे खरंच काही मिळतं का?

तुम्ही विचारलंय की नोकरी सोडून खेड्यात राहायचं, भाजी स्वतः पिकवायची, सरपण स्वतः फोडायचं, मासे स्वतः धरायचे, तर यातून शेवटी हाती काय लागतं? मी बरीच वर्षं असाच राहतोय, म्हणून खात्रीने सांगतो, पुष्कळ लागतं. फक्त पैशांच्या बचतीपासून मोजायला बसू नका, तो हिशेब जुळेलच असं नाही. खरी कमाई अशी की केलेल्या कामाचं काय झालं ते तुम्हाला डोळ्यांनी दिसतं, आणि एका कामातलं उरलंसुरलं दुसऱ्या कामाला उपयोगी पडतं.

सरपणापासून सुरुवात करतो, कारण तिन्हींत मला तेच सगळ्यात प्रिय आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असू शकतं. ते तसंच चुलीत घातलं तर आचेचा बराच भाग त्या पाण्याची वाफ करण्यात जातो, घरभर धूर होतो आणि धुराड्यात चिकट काजळी धरते. पाणी 20 टक्क्यांच्या खाली उतरलं की लाकूड जळण म्हणून तयार झालं. याला झाडाच्या जातीप्रमाणे आणि हवेप्रमाणे सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत वेळ लागतो. म्हणून आज फोडायचं ते पुढच्या वर्षासाठी. अख्खा ओंडका फार सावकाश वाळतो, कारण साल ओल सोडत नाही. फोडला की आतलं अंग उघडं पडतं आणि वारा आपलं काम करतो.

फोडण्यातही एक वाचन आहे. ओंडका उभा केला की आधी त्याचं तोंड बघायचं. गाभ्यापासून कडेकडे गेलेली बारीक चीर कुठे आहे, गाठ कोणत्या बाजूला आहे, ते हेरायचं. गाठ टाळून चिरेच्या रेषेत कुऱ्हाड बसली की ताकदीची फारशी गरजच पडत नाही, सरळ दोन फाका होतात आणि ताज्या लाकडाचा वास नाकात शिरतो. रचताना खाली दोन आडवी लाकडं, वर झाकण, बाजू वाऱ्याला मोकळ्या. वाळलं की नाही ते कानाला कळतं: दोन फाका एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजतात, ओल्या असतील तर बद्द आवाज येतो. पावसाळा तोंडावर असताना रास छपराखाली पूर्ण रचून झालेली असली की जो निवांतपणा वाटतो, तो मला दुसऱ्या कशानेही मिळालेला नाही.

जळून उरलेली राख बागेत जाते. तिच्यात पोटॅश असतं आणि चुना भरपूर असतो, त्यामुळे आम्लधर्मी जमिनीला ती मानवते. पण हात आखडता ठेवून पसरायची, आणि जमीन आधीच क्षारयुक्त असेल तर अजिबात नाही. बागेत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते शेंगांच्या वेलांनी. घेवड्याचं फुलावर आलेलं एखादं रोप हलक्या हाताने उपटून मुळं बघा. त्यांवर बारीक गाठी दिसतील. नखाने एक फोडलीत आणि आत गुलाबी निघाली, तर तिथले जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला पुरवतायत असं समजा. वेल संपला की तो बुडाशी कापायचा, मुळं जमिनीतच राहू द्यायची. ती कुजली की तो नत्र पुढच्या पिकाच्या उपयोगी येतो. बीही घरचंच ठेवता येतं. घेवडा, टोमॅटो यांचं सोपं, कारण त्यांचं परागीभवन बहुतेक आपल्याआपणच होतं. भोपळावर्गाचा मात्र शेजारच्या वाफ्याशी संकर होतो, आणि संकरित वाणाचं बी धरलंत तर पुढचं पीक आईसारखं निघत नाही.

मासेमारी माणसाला गप्प राहायला लावते. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना संवेदनांची एक रेघ असते, तिने त्याला पाण्यातली बारीक हालचालही जाणवते. काठावर धपाधप पावलं वाजवत गेलात तर गळ टाकण्याआधीच मासा लांब गेलेला असतो. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो: 10 अंशांना लिटरमागे 11 मिलिग्रॅमच्या वर, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणून उन्हाळ्यात दुपारी उथळ पाण्यात बसून राहू नका, सकाळी लवकर जा. लहान मासा आणि पोटात अंडी असलेली मादी सोडून द्यायची, यात मी कधीच तडजोड करत नाही. साफ करताना निघालेली आतडी आणि डोकी वाफ्यात खोल पुरायची. वरवर पुरली तर कुत्री उकरतात.

एक स्पष्ट सांगतो, पूर्ण स्वावलंबन कुणालाच साधत नाही. मीठ, लोखंड, औषधं बाहेरूनच येणार, आणि जड ओंडका हलवायला शेजारी लागणारच. त्यांना तुमच्या बागेतली भाजी द्या, ते बोलावल्याशिवाय मदतीला येतील.

नोकरी सोडण्याआधी आहे तिथेच एक वाफा करून बघा, एक हंगाम पूर्ण काढा. जागा बघायला कोरड्या ऋतूच्या अगदी शेवटी जा आणि विहिरीत तेव्हा किती पाणी उरलंय ते बघा. हिरवंगार असताना सगळ्याच जागा आवडतात. जवळच्या पाण्यात मासे धरायला आणि झाडं तोडायला कुणाची परवानगी लागते, तेही पैसे देण्याआधी विचारून घ्या.