वडिलांच्या अडत दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही, टॅलीतले हिशेब कसे काढायचे?

तुम्ही लिहिलंय की वडील गेले, कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या गुळाच्या अडतीचे सगळे हिशेब विंडोज ७ च्या जुन्या मशीनवर टॅलीत आहेत आणि पासवर्ड घरात कुणालाच ठाऊक नाही. माझं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. चुलते गेले तेव्हा माझ्यावर हीच वेळ आली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, मशीन कुणाच्या हातात "जरा बघा" म्हणून देऊ नका. मी दिलं. त्या माणसानं फॉरमॅट मारून विंडोज नव्यानं टाकलं. मशीन झकास चालू झालं आणि अकरा वर्षांची खाती गेली. "डेटा पाहिजे होता होय?" असं त्यानं नंतर विचारलं. ते आजही मनातून जात नाही.

विंडोजचा पासवर्ड आत शिरताना विचारतात एवढंच. त्यानं फायली आपोआप कुलूपबंद होत नाहीत. म्हणून पासवर्ड मोडायच्या मागं न लागता हार्डडिस्क काढा. पातळ, अरुंद केबल असेल तर साटा. रुंद, चपटी पट्टी असेल तर जुनी आयडीई. दुकानात तसं सांगून यूएसबी कन्व्हर्टर घ्या. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला १२ व्होल्ट लागतात, म्हणून वेगळा अ‍ॅडॉप्टर असलेलाच घ्या. डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली की परवानगी नाही असा संदेश येईल, पुढे जा म्हणा. टॅलीच्या फोल्डरमध्ये 'डेटा' नावाचं फोल्डर असतं, त्यात १०००० सारख्या आकड्यांची फोल्डरं. ती सगळी उचलून दोन ठिकाणी ठेवा.

फायलींची नावं हिरवी दिसली तर मात्र थांबा. त्या एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे विंडोजनं कुलूपबंद केलेल्या आहेत, अशा वेळी बाहेरून पासवर्ड पुसला तर त्या कायमच्या बंद होतात. डिस्क उघडतानाच बिटलॉकरनं, म्हणजे अख्ख्या डिस्कला लावलेल्या विंडोजच्या कुलपानं, ४८ आकडी किल्ली (रिकव्हरी की) मागितली, तर वडिलांच्या कागदांत ती शोधावी लागेल.

आणि हो, मशीन महापुराच्या पाण्यात भिजलेलं असेल तर बटण दाबूनसुद्धा बघू नका, थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडं न्या.

टॅलीचा पासवर्ड वेगळा. कंपनीच्या नावाच्या जागी नुसते तारे दिसले तर टॅलीव्हॉल्ट, म्हणजे टॅलीचं स्वतःचं कुलूप लावलेलं आहे, आणि तो पासवर्ड खुद्द टॅलीवालेही काढून देऊ शकत नाहीत. इथं दिवाणजींना विचारा. रोजची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब तेच करत असतील, तर पासवर्ड त्यांच्या बोटांना पाठ असेल. वडिलांच्या डायरीची मागची पानं बघा. सीएंकडं दरवर्षीचा बॅकअप असण्याचीही शक्यता आहे, आज संध्याकाळीच फोन करा.

कॉपी झाली तरी मूळ डिस्क भंगारात देऊ नका. जीएसटीच्या वह्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात.