आयनांचा धडा सुरू करतेयस, तर आधी एवढं वाच

आयन म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन किंवा घेऊन प्रभारित झालेला अणू किंवा अणूंचा गट. आयन पाठ करू नकोस, समजून घे. सोडियमची इलेक्ट्रॉन मांडणी २, ८, १ आणि क्लोरीनची २, ८, ७ हे तुला येतंच. पण ‘सोडियम खुशीने इलेक्ट्रॉन देतो’ हे सर्रास सांगितलं जाणारं वाक्य डोक्यातून काढून टाक. एक मोल (अणू मोजायचं ठरलेलं एकक) वायुरूप सोडियम अणूंतून इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ४९६ किलोज्यूल लागतात. क्लोरीनने तो घेतला की परत मिळतात जेमतेम ३४९. म्हणजे इथवर तोटाच! खरी कमाई पुढे होते. धन आणि ऋण आयन एकमेकांना ओढून मिठाचा स्फटिक रचतात, तेव्हा सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. या ठिकाणी थांब, वहीत स्वतः गणित मांड. माझ्या मते धड्याचा जीव इथेच आहे.

मिठात सुट्या जोड्या नसतात. प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध प्रभाराचे सहा आयन असतात, म्हणून ते वितळायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं. सूत्र लिहिताना एकूण प्रभार शून्य यायला हवा, बस्स.

तू नाशिकची, त्यातून निफाडच्या द्राक्षबागेतली. बोर्डो मिश्रणासाठी (बुरशीवर फवारायचं मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मोरचूद भिजवतात, त्यात तांब्याचे आणि सल्फेटचे आयन असतात. बाबा लोखंडी बादली का टाळतात? लोखंड इलेक्ट्रॉन सोडतं, तांब्याचे आयन ते घेतात आणि बादलीवर तांबूस थर चढतो. घासलेला खिळा काचेच्या जुन्या बरणीत, मोरचुदाच्या पाण्यात ठेवून बघ. स्वयंपाकातलं भांडं घेऊ नकोस, नंतर हात साबणाने धू. मोरचूद विषारी असतं.