एनर्जी ऑडिटर व्हायचंय? मग आधी मेंटेनन्सला जा

"मॅडम, कोर्स झाला की लगेच नोकरी लागेल ना, तेवढं सांगा."

हे वाक्य मी करिअरचा सल्ला मागायला येणाऱ्या इतक्या पालकांच्या तोंडून ऐकते की हल्ली कोर्स कोणता, हे विचारायच्या आधी फी किती ते विचारते. या वेळी कोर्स होता ‘सर्टिफाइड एनर्जी ऑडिटर’चा, म्हणजे वीज-इंधन कुठे वाया जातं ते मोजून सांगणाऱ्याचा. मुलगा नुकताच इलेक्ट्रिकलमधून बी. ई. झालेला. एका खाजगी क्लासवाल्याने तीन महिन्यांत प्रमाणपत्र आणि वर ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ कबूल केली होती. वडील त्यासाठी पीएफमधून पैसे काढायच्या बेतात होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

हे खूळ आलं कुठून, तर अमेरिकेतल्या मावसभावाकडून. तिथे घरांचं ऑडिट हा रीतसर धंदा आहे. दाराच्या चौकटीत पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचतात, आतल्या-बाहेरच्या दाबात ५० पास्कलचा फरक ठेवतात आणि कुठल्या फटीतून हवा शिरतेय ते हुडकतात. मग फटी बुजवायच्या, माळ्यावर आणि भिंतींत इन्सुलेशन भरायचं. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना हे करून देणारी सरकारी योजना तिथे १९७६ पासून आहे. चिरंजीवांनी व्हिडिओ पाहिले आणि पुण्यात हेच करायचं ठरवलं.

अहो, पण आपल्याकडे वर्षातले बरेच महिने खिडक्या सताड उघड्या असतात. फटी बुजवायला पैसे कोण देणार? वरच्या मजल्यावरचा फ्लॅट तापतो तो मुख्यतः स्लॅबमुळे. घरांसाठी ‘इको निवास संहिता’ ही ऊर्जाबचतीची सरकारी नियमावली २०१८ साली आली खरी, पण तिचा भर नव्या इमारतींच्या आराखड्यावर आहे. दारोदार जाऊन घरांची ऑडिटं करण्यावर इथे आज संसार चालेल, असं मी तरी कुणाला सांगणार नाही. काम आहे ते कारखान्यांत, हॉस्पिटलांत, मोठ्या हॉटेलांत.

आणि त्यामागे कायदा आहे, २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा. त्याखाली बीईई (ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सी) ही सरकारी संस्था झाली, फ्रिज-एसीवरच्या ताऱ्यांचं लेबल तिचंच. सिमेंट, पोलाद, कागद, कापड अशा क्षेत्रांतल्या ऊर्जा खाणाऱ्या मोठ्या कारखान्यांना परीक्षा पास झालेला एनर्जी मॅनेजर नेमावा लागतो, ऑडिटही करून घ्यावं लागतं. ती राष्ट्रीय परीक्षा बीईईचीच. मॅनेजरला तीन पेपर, ऑडिटरला चार. चौथा पुस्तक उघडून लिहायचा असतो, म्हणून तो सोपा असं समजू नका.

मी मुलाला पात्रतेचा नियम मोठ्याने वाचायला लावला. इंजिनिअरिंगचा पदवीधर असेल तर ऊर्जेशी संबंधित कामाचा ३ वर्षांचा अनुभव, डिप्लोमाला ६ वर्षांचा. म्हणजे क्लासवाला देणार ते प्रमाणपत्र फक्त क्लासचं. मुलाचा चेहरा पडला. वडिलांनी मात्र मान वर केली.

"डिप्लोमाला किती म्हणालात?"

हे गृहस्थ डिप्लोमा होल्डर. भोसरीच्या एका कंपनीत उभी हयात मेंटेनन्समध्ये गेलेली. मी सहज विचारलं, तुमच्याकडे मशीनना पुरवायची कॉम्प्रेसरची दाबलेली हवा किती गळते? त्यांनी माझ्याच टेबलावरचा कागद ओढला. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद ठेवायची आणि कॉम्प्रेसर चालू करायचा. कुणीच हवा वापरत नाही, तरी तो अधूनमधून लोडवर येतो, म्हणजे पुन्हा हवा भरायला लागतो, कारण लाइन गळतेय. समजा दीड मिनिट लोडवर आणि तीन मिनिटं अनलोडवर. साडेचारातले दीड, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेचा एक तृतीयांश भाग नुसता फुसफुसण्यात जातो. "दहा टक्क्यांच्या आत असेल तर लाइन चांगली म्हणायची. आणि सेट प्रेशर एक बारने उतरवलं तरी सहा ते दहा टक्के वीज वाचते. पण प्रॉडक्शनवाले हात लावू देत नाहीत हो!"

ऑडिटरच्या धंद्यातली खरी मेख त्या शेवटच्या वाक्यात आहे. मोजमाप शिकता येतं. प्लँट हेडच्या गळी ते उतरवणं मात्र जमावं लागतं, नाहीतर रिपोर्ट कपाटात पडून राहतो. कॉम्प्रेसर रूममध्ये कधी न गेलेल्या पोराचं तो का ऐकेल?

मुलाची खरी अडचण मग बाहेर आली. मेंटेनन्स म्हणजे तेलकट कपडे, शिफ्ट, आणि मित्र सगळे हिंजवडीत एसीत बसलेले. त्यात गैर काही नाही. सुरुवातीला पगार त्यांच्यापेक्षा कमीच असेल, हेही मी त्याला स्पष्ट सांगितलं. ज्याला हे पटत नाही त्याने या वाटेला जाऊ नये. पण जायचंच तर ती तीन वर्षं फुकट जात नाहीत, परीक्षेचा दरवाजाच त्यांनी उघडतो.

मग कामाचं बोललो. अर्ज करताना ‘युटिलिटी’ विभाग मागायचा: बॉयलर, कॉम्प्रेसर, चिलर, सबस्टेशन. सेल्सची ऑफर आली तर दोनदा विचार करायचा. नाहीतर महाऊर्जाकडे (ऊर्जेचं काम बघणारी राज्य सरकारची संस्था) नोंदणी असलेल्या ऑडिट फर्ममध्ये मदतनीस म्हणून शिरायचं, मीटर धरायचे, रीडिंग लिहायची. अनुभवाच्या पत्रात नुसतं ‘इंजिनिअर’ नको, काम काय केलं ते लिहून घ्यायचं. बीईईची परीक्षेची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट मिळतात, ती आत्तापासून वाचायची. क्लास लावायचाच तर परीक्षेच्या वर्षी.

पीएफ वाचला. मुलगा चाकणला ट्रेनी म्हणून लागला आहे आणि फर्स्ट शिफ्टच्या नावाने बोटं मोडतो. वडिलांनी पुस्तकं उतरवून घेतली, पण इंग्रजीला बिचकतात, फॉर्म अजून भरलेला नाही. मुलाच्या आईचा परवा फोन आला होता, तिचा प्रश्न वेगळाच: "स्थळं बघताना ‘एनर्जी ऑडिटर होणार’ म्हटलं तर लोकांना कळेल का हो? की सरळ इंजिनिअरच सांगू?"

इंजिनिअर सांगा म्हटलं.