बाबांची पूजा आणि माझी सात मिनिटं

प्रश्न : बाई, आमचं घर गोव्यात, डिचोली तालुक्यात, माझं वय ४६. चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीत, वाड्यावरच्या आरतीच्या पथकात मी घुमट वाजवतो, मातीच्या भांड्यावर कातडं ताणलेलं वाद्य. आरती चढत गेली, जोडीच्या शामेळ या तालवाद्याने जोर धरला की डोळे भरून येतात. पण रोज सकाळी देव्हाऱ्यापुढे बसलो की आत काहीच हलत नाही. बाबा तासभर पूजा करायचे. मी मागे बसून चंदन उगाळायचो. ते गेल्यावर पूजा माझ्याकडे आली. मी सात मिनिटांत उरकतो, त्यातही मोबाईल वाजला की डोळा तिकडे. सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी असतो, पण शेजारून माशाच्या हुमणाचा वास आला की देव नाही, बांगडा आठवतो. गेल्या वर्षी आरतीच्या स्पर्धेत तर सगळं लक्ष परीक्षकांकडे होतं. माझ्यात भक्ती आहे, की नुसता घुमटाचा नाद? पूजा धाकट्या भावाकडे देऊ का?

उत्तर : बांगडा आठवला, खाल्लात नाही ना? मग पुढे जाऊ.

तुम्ही बाबांच्या मागे बसायचात. म्हणजे तुम्हाला दिसायची ती त्यांची पाठ. त्या तासाभरात त्यांच्या मनात देव किती, कुळागराच्या बागेचं पाणी किती आणि तुमच्या फीचे पैसे किती, हे तुम्हाला कुठून कळणार? एका पारड्यात त्यांची पाठ आणि दुसऱ्यात तुमच्या मनातला सगळा पसारा, असं वजन केलंत तर तुम्ही हरणारच.

आई आजारी होती तेव्हा मी कुलदेवाला कौल लावला. भटांनी ओल्या पाकळ्या मूर्तीला लावल्या, मी हात जोडून उभी. उजवी पडली, म्हणजे देवाचा होकार. आठव्या दिवशी आई गेली. चवथ चार दिवसांवर होती. सुतक, म्हणून गणपती आणला नाही. खरं सांगू? मला बरंच वाटलं. त्याच्यापुढे उभंच राहायचं नव्हतं. गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात ती माटोळीची चौकट माळ्यावर तशीच राहिली. आदल्या दिवशी शेजारीण बाजारातून आली, तिच्या पिशवीतून माटोळीला बांधायचं एक कवंडळाचं फळ डोकावत होतं, पिकलेलं, भगवं. ते बघून मी दारातच रडायला लागले. बिचारी घाबरली, पिशवी खाली ठेवून मला धरलं. रडले ते आईसाठी, देवासाठी की माटोळीसाठी? वीस वर्षं झाली, मला अजून वेगळं करता येत नाही. तुम्ही मात्र भक्ती आणि घुमट वेगळे करायला निघालात.

१५६० मध्ये पोर्तुगीजांपासून वाचवायला मंगेश देवाला कुठ्ठाळीहून नदीपार प्रियोळला नेलं, ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. मला नेहमी वाटतं, त्या माणसांत एखादा तरी असा असेल, ज्याला केवळ होडी चांगली वल्हवता येते म्हणून घेतलं. त्याला वाटेत काय वाटलं असेल कोण जाणे. देव पलीकडे पोचला.

आणि नादाला 'नुसता' म्हणू नका. घोरपडीचं कातडं बंद होऊन घुमटाला बकऱ्याचं आलं, तेव्हा आमच्याकडचे म्हातारे म्हणत, आता त्यात राम नाही. तुमचे डोळे भरतात ते बकऱ्याच्याच कातड्यावर ना? स्पर्धेचं म्हणाल तर मंचावर परीक्षक दिसणारच, त्यांना तिथे त्यासाठीच बसवलेलं असतं. घरच्या मखरासमोर ते दिसायला लागले तर मला पुन्हा लिहा.

भावाकडे पूजा द्यायची तर वेळ नाही म्हणून खुशाल द्या. श्रद्धा कमी पडते म्हणून देऊ नका, कारण लहानपणी त्यालाही तीच पाठ दिसली असणार, आणि वर्षभरात त्याचंही मला असंच पत्र येईल.

एक मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. चंदन आता कोण उगाळतं? की डबीतलं तयार लावता? तसं असेल तर बाबांची सहाण शोधून खाली काढा. सातची दहा-बारा मिनिटं होतील. फोन तेवढा वेळ सोप्यावर राहू दे.