पिग्मीच्या पावतीला कुठला फोन?

प्रश्न : मी विट्यात एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. रोज संध्याकाळी बाजारपेठेत दुकानोदुकानी फिरते. पैसे घेतले की मोबाइलच्या ॲपमध्ये नोंद करायची आणि कमरेच्या छोट्या प्रिंटरवरून पावती काढून द्यायची. फोन जुना झालाय, अर्ध्या फेरीतच बॅटरी संपते. पुण्याला नोकरी करणारा मुलगा म्हणतो, 'आई, आता आयफोनच घे, मग बरीच वर्षं बघायला नको. पैसे मी घालतो.' भाची म्हणते, अँड्रॉइडच बरा. काय करू?
– एक पिग्मी एजंट, विटा

उत्तर : ताई, अँड्रॉइडच घ्या. मुलाचं म्हणणं चुकीचं नाही, आयफोन टिकतो. 2019 साली आलेल्या आयफोन 11 वर सप्टेंबर 2025 मधली आयओएस 26 ही आयफोनची नवी प्रणालीसुद्धा चालते. पण तुमच्या बाबतीत निकाल लावतो तो कमरेचा प्रिंटर.

पिग्मीवाल्यांकडे जे दोन इंची थर्मल प्रिंटर असतात, ते मी दुरुस्तीच्या टेबलावर रोज उघडते. त्यातले बहुतेक जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर चालतात. अँड्रॉइडवर ब्लूटूथमध्ये त्याचं नाव दिसलं, 0000 किंवा 1234 टाकलं, की झालं काम. आयफोनला हे चालत नाही. ॲपलची मान्यता नसलेला या जातीचा प्रिंटर आयफोन जोडूनच घेत नाही. बीएलई नावाच्या नव्या ब्लूटूथचा प्रिंटर असेल आणि पतसंस्थेचं ॲप त्यासाठी बनवलेलं असेल, तरच पावती निघेल.

दुसरी अडचण ॲपची. बऱ्याच पतसंस्थांचं ॲप प्ले स्टोअरवर नसतं, सॉफ्टवेअरवाला ॲप बसवायची एपीके फाइल व्हॉट्सॲपवर पाठवून देतो. ती फाइल आयफोनमध्ये बसतच नाही. युरोपात कायद्यामुळे 2024 पासून आयफोनवर दुसऱ्या दुकानांतूनही ॲप घेता येतं, आपल्याकडे अजून ॲपलचं एकच दार आहे. अँड्रॉइडवरही हे कायम इतकं सोपं राहणार नाही. बाहेरून टाकायच्या ॲपच्या निर्मात्यालाही आपली ओळख नोंदवावी लागेल, असं गूगलने ऑगस्ट 2025 मध्ये जाहीर केलंय आणि हा नियम टप्प्याटप्प्याने देशोदेशी लागू व्हायचा आहे. तेव्हा शाखेत मॅनेजरसाहेबांच्या कानावर घाला, की आपलं ॲप प्ले स्टोअरवर आणा. एजंटांनी मिळून विचारलं तर ते ऐकतील.

आता अँड्रॉइडमधला कुठला? कॅमेरा किती मेगापिक्सेल, हे दुकानदार आधी सांगेल. तुम्ही आधी विचारा, सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार. ज्या फोनवर लोकांच्या कष्टाच्या पैशांची नोंद होते, तो अपडेट बंद पडलेला असू नये, याबाबत मी फार आग्रही आहे. सॅमसंगने गॅलेक्सी ए16 5जी आणि ए26 ला सहा वर्षं कबूल केलीत. गूगलच्या पिक्सेल 8 पासून पुढे आणि सॅमसंगच्या एस24 पासून पुढच्या एस मालिकेला सात वर्षं आहेत, पण तुमच्या कामाला एवढा महाग फोन लागत नाही. ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नव्हे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल 'ऑफर'मध्ये स्वस्त दिसलं, तर तेवढी वर्षं आधीच वजा झालीत हे लक्षात ठेवा. मुलाला म्हणावं, उरलेल्या पैशांत प्रिंटरची नवी बॅटरी आणि चांगली पॉवर बँक घेऊन दे.

दुकानात जाताना प्रिंटर सोबत न्या. पैसे देण्याआधी तिथल्या तिथे फोनला जोडून बघा. नव्या फोनवर प्रिंटर दिसला नाही तर घाबरू नका. अँड्रॉइड 12 पासून ब्लूटूथसाठी 'निअरबाय डिव्हायसेस' ही वेगळी परवानगी आली. ॲपने ती विचारली आणि आपण घाईत नकार दिला, की प्रिंटर यादीत येतच नाही. सेटिंगमध्ये ॲपवर जाऊन ती परवानगी द्या. तिथेच बॅटरीच्या खाली 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा, नाहीतर स्क्रीन बंद झाली की फोन ॲपला झोपवतो आणि नोंदी शाखेत जात नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जुन्या फोनमधल्या नोंदी आधी शाखेत चढवा. रेंज नसलेल्या दुकानात केलेल्या नोंदी सिंक होईपर्यंत फक्त त्या फोनमध्येच असतात. ॲप काढलं किंवा फोन रीसेट केला की त्या गेल्या. खातेदाराच्या हातात पावती आहे आणि शाखेत रक्कम नाही, अशी वेळ आली तर नाव तुमचं खराब होतं. म्हणून शाखेत बसून, बेरीज कॅशियरशी जुळवून, मगच सॉफ्टवेअरवाल्याला जुना फोन काढून नवा नोंदवायला सांगा. बरीच ॲपं एका वेळी एकाच हँडसेटवर चालतात. हे सगळं बाजाराच्या दिवशी करू नका. नव्या फोनवर यूपीआय चालू केलं की पहिले 24 तास पाच हजारांचीच मर्यादा असते, तेही धरून चला.

प्रश्न : मी चिपळूणला एका बांधकाम कंपनीत साइट इंजिनिअर आहे. कंपनी नवा फोन देतेय, आयफोन किंवा सॅमसंग, जो हवा तो. मला दोन नंबर चालवायचेत. ठेकेदार फोनवर एक बोलतात आणि नंतर फिरवतात, म्हणून रेकॉर्डिंगही हवं. आणि कंपनीला माझे घरचे फोटो दिसतील का?
– एक अभियंता, चिपळूण

उत्तर : दोन नंबर दोन्हींवर चालतील, पण भारतातल्या नेहमीच्या आयफोनमध्ये एकच सिम घालता येतं, दुसरा नंबर ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं, काढता न येणारं सिम करावा लागतो. साइटवर फोन पडला, पाण्यात गेला, तर सिम काढून दुसऱ्या साध्या फोनमध्ये घालायची सोय त्या नंबरपुरती गेली. कोकणातल्या पावसात काम करणाऱ्याला मी दोन सिमच्या खाचा असलेला फोन सुचवेन.

रेकॉर्डिंगबद्दल सांगते. आयओएस 18.1 पासून आयफोनवर कॉल रेकॉर्ड होतो, पण सुरू होताच दोघांनाही तशी घोषणा ऐकू येते. गूगलचं फोन ॲप असलेल्या अँड्रॉइडवरही तेच. सॅमसंगच्या स्वतःच्या फोन ॲपमध्ये आपल्याकडे घोषणा होत नाही. तरी माझं मत विचाराल तर समोरच्याला सांगून रेकॉर्ड करा, आणि बोलणं झाल्यावर 'आपलं असं ठरलं' म्हणून दोन ओळी व्हॉट्सॲपवर टाका. तुम्हाला खरी गरज लेखी शब्दाची आहे.

घरच्या फोटोंचं उत्तर फोन कोणाच्या मालकीचा, यावर आहे. तुमच्या स्वतःच्या अँड्रॉइडवर कंपनी 'वर्क प्रोफाइल' टाकते, तेव्हा कामाच्या ॲपवर छोटी ब्रीफकेस दिसते आणि तेवढाच भाग कंपनीच्या ताब्यात राहतो. आयफोनवरही स्वतःच्या फोनसाठी अशी विभागणी आहे. पण तुमचा फोन कंपनीचाच आहे. तो त्यांना दुरून अख्खा पुसता येतो, कुठली ॲपं टाकलीत तेही बहुतेक वेळा दिसतं. म्हणून मुलांचे फोटो आणि बँकेची ॲपं त्यात ठेवूच नका, ती स्वतःच्या फोनमध्ये ठेवा. फोन हातात घेण्याआधी आयटीवाल्यांना विचारा, नोकरी सोडली तर काय काय पुसणार. उत्तर ईमेलवर घ्या.

प्रश्न : मी वकील आहे. अँड्रॉइड सोडून आयफोन घेतोय. व्हॉट्सॲपवर अशिलांचे कित्येक वर्षांचे मेसेज आहेत. ते येतील ना?
– एक वाचक, लातूर

उत्तर : येतील, पण गूगल ड्राइव्हवरच्या बॅकअपमधून नाही. तो बॅकअप आयफोन वाचत नाही, आणि हे बहुतेकांना नवा फोन सुरू केल्यावर कळतं. त्यासाठी जुन्या फोनवर ॲपलचं 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप घ्यायचं आणि आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच त्यातून व्हॉट्सॲप निवडायचं. आयफोन आधीच वापरायला सुरुवात केली असेल तर तो रीसेट करावा लागेल. दोन्ही फोन चार्जरला लावलेले, एकाच वाय-फायवर, आणि व्हॉट्सॲपचा नंबर तोच. मेसेज खूप असतील तर वेळ लागतो, मधे फोनला हात लावू नका.

महत्त्वाच्या अशिलांच्या चॅट आधी 'एक्स्पोर्ट' करून स्वतःला ईमेल करा. आणि भारतीय साक्ष अधिनियमाचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं कलम 63 तुम्हाला मी सांगायला नको, पण जे मेसेज कोर्टात लागू शकतात, ते ज्या फोनवर आले तो हँडसेट जपून ठेवा. एक्स्चेंजमध्ये देऊ नका, तिथे फोन रीसेट करूनच घेतात.